मलप्रभेच्या काठी एक दिवस: असोग्याला पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

बेळगावात शिकायला, नोकरीला किंवा लग्न होऊन नव्याने आलेल्या माणसाचं पहिल्या काही महिन्यांत किल्ला, मिलिटरी महादेव, कपिलेश्वर, राजहंसगड एवढं बघून होतं. मग एखाद्या शनिवारी प्रश्न येतो, नदीकाठी झाडाच्या सावलीत दिवसभर निवांत बसायचं तर जायचं कुठे? शहराच्या उत्तरेला मार्कंडेय आहे. पण घरच्या सगळ्यांना घेऊन डबा खायला जावं असा काठ हवा असेल, तर जुने बेळगावकर खानापूरकडे बोट दाखवतात. खानापूर संपतं तिथून जवळच, मलप्रभेच्या काठी असोगा गाव आहे. रामलिंगेश्वराचं देऊळ, नदीचं खडकाळ पात्र आणि काठावरची झाडी. संक्रांतीला आणि महाशिवरात्रीला तालुक्यातली माणसं इथे लोटतात. एरवी शांतता असते.

एक गोष्ट आधीच सांगतो. असोगा म्हणजे तिकीट काढून आत जायची बाग नव्हे. फाटक, हिरवळ, बाकडी, पोहणाऱ्यांवर नजर ठेवणारा माणूस, यातलं काही गृहीत धरून जाऊ नका. हे गावकऱ्यांचं देवस्थान आहे, त्यांच्या गुराढोरांचा पाणवठा आहे आणि कडेला त्यांची शेती आहे. आपण तिथे पाहुणे. आणि मलप्रभेत दरवर्षी माणसं बुडतात. बातम्या वाचा, त्यांत बाहेरगावहून सहलीला आलेली, विशी-पंचविशीतली पोरं वारंवार दिसतील. म्हणून माझं सांगणं एकच आहे: असोग्याला काठासाठी जा, पाण्यासाठी जाऊ नका. काठावर दिवसभर पुरेल एवढं आहे. कसं जायचं, काय न्यायचं, काय बघायचं ते ओळीने सांगतो.

दिवस कोणता निवडायचा

सुरुवात इथूनच करायची, कारण चुकीच्या महिन्यात गेलात तर पुढची सगळी तयारी फुकट जाते.

मलप्रभा कणकुंबीला उगम पावते. समुद्रसपाटीपासून साधारण ७९२ मीटर उंचीवर, सह्याद्रीच्या ऐन धारेवर हे गाव आहे. तिथे बेळगावपेक्षा कितीतरी जास्त पाऊस पडतो. तिथून जांबोटीच्या रानातून उतरत नदी असोगा-खानापूरला येते. नकाशात हे अंतर फार नाही. त्यामुळे वरच्या अंगाला रात्री मोठा पाऊस झाला की ते पाणी काही तासांतच खाली येतं. असोग्याला आभाळ स्वच्छ असतं, ऊन पडलेलं असतं, आणि तरी नदी चढत असते. नवख्या माणसाला नेमकं हेच माहीत नसतं. तो डोक्यावरचं आभाळ बघून ठरवतो. मलप्रभेसाठी कणकुंबीचं आभाळ बघावं लागतं.

जून ते सप्टेंबर या काळात नदीकाठाचा बेत करूच नका. लाल, गढूळ पाणी दोन्ही थड्यांना घासत जात असतं. जांबोटी भागात हब्बनहट्टीचं स्वयंभू मारुतीचं देऊळ याच नदीच्या पात्रालगत आहे, ते जोरदार पावसात पाण्याखाली जातं. पूर बघायची हौस असेल तर मोठ्या पुलापासून लांब राहून बघा. पुलाच्या कठड्यावर रेलून किंवा खडकावर उभं राहून बघू नका. ऑक्टोबरातही परतीच्या पावसाने फसगत होते, म्हणून त्या महिन्यात आदल्या दोन दिवसांत घाटाकडे पाऊस झाला का याची चौकशी करा. जांबोटी-कणकुंबीकडचा एखादा दूधवाला, भाजीवाली किंवा कॉलेजातला मित्र असतोच. त्याला विचारलेलं सगळ्यात खरं.

सगळ्यात चांगला काळ नोव्हेंबर ते फेब्रुवारी. पाणी निवळलेलं असतं, हवेत गारठा असतो, झाडी अजून हिरवी असते. मार्चनंतर पाणी आटत जातं. उन्हाळ्याच्या शेवटी वरच्या पात्रात धार बारीक होते आणि ठिकठिकाणी फक्त डोह उरतात. तेव्हा सावली मिळते, पण नदी भेटत नाही.

शक्य असेल तर रविवार टाळा, शनिवारी सकाळी जा. महाशिवरात्रीची जत्रा बघायची असेल तर ती जत्रा म्हणूनच बघा. त्या दिवशी चादर पसरून बसायला जागा शोधू नका. आणि कोल्हापूर किंवा चंदगडकडून येणार असाल तर १ नोव्हेंबरच्या आसपासचा दिवस धरू नका. कर्नाटकाचा राज्योत्सव आणि सीमाभागातल्या मराठी माणसांचा काळा दिन एकाच तारखेला येतात. सीमेवरून येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांचं वेळापत्रक त्या दिवसांत सांगता येत नाही.

जायचं कसं

बेळगाव ते खानापूर साधारण २६ किलोमीटर. मध्यवर्ती बसस्थानकातून खानापूरला बस सतत सुटतात. बसवरच्या पाट्या कन्नडमध्ये असतात. वाचता येत नसेल तर संकोच करू नका, कंडक्टरला सरळ मराठीत विचारा, "मामा, खानापूर?" या मार्गावर मराठी सगळ्यांना कळतं.

महिलांसाठी एक महत्त्वाची गोष्ट. कर्नाटकात ११ जून २०२३ पासून शक्ती योजना सुरू आहे. त्यात राज्याच्या साध्या बसमधून महिलांना प्रवास मोफत आहे, पण पत्ता कर्नाटकातला असावा लागतो. आधारकार्डावर अजून महाराष्ट्रातला पत्ता असेल तर तिकीट काढावं लागेल. लग्न होऊन सीमेपलीकडून आलेल्या अनेकींचा पत्ता बदलायचा राहून गेलेला असतो, तो या निमित्ताने बदलून घ्या. पत्ता इथला असेल तरी कार्ड जवळ ठेवा आणि कंडक्टर देतो ते शून्य रकमेचं तिकीट उतरेपर्यंत सांभाळा.

रेल्वेही आहे. बेळगाव-लोंढा मार्गावर देसूर, इदलहोंड आणि मग खानापूर. पण इथे थांबणाऱ्या गाड्या मोजक्या असल्याने परतीची गाडी आधी बघून ठेवा. लहान मुलांना मात्र रेल्वेचा प्रवास फार आवडतो. भाताची खाचरं, उसाचे मळे, कौलारू घरं बघत जाता येतं.

स्वतःची गाडी असेल तर पिरनवाडी, मच्छे, गणेबैल अशा गोव्याच्या रस्त्याने यायचं. गणेबैलला टोलनाका आहे, चारचाकीला फास्टॅग लागेल. पिरनवाडीला उजवीकडे जांबोटी-चोर्ल्याचा फाटा फुटतो. नकाशा बघत येणारे काही जण तिकडे वळतात. वळू नका, सरळ खानापूरला या.

खानापुरात थोडं थांबा. बसस्थानकात स्वच्छतागृहाचं काम उरकून घ्या. पुढे सोय होईल असं धरू नका, बायकामुलं बरोबर असतील तर नक्कीच नको. पाणी, केळी, काकडी, लिंबू इथेच घ्या. पैसे सुटे ठेवा. नदीकाठी मोबाइलची रेंज लागेलच असं नाही, म्हणून घरी फोन इथूनच करा आणि "साडेपाचपर्यंत खानापुरात परत येतो" असं वेळेसकट सांगा. मग रिक्षा ठरवा. रिक्षावाल्याशी बोलतानाच परतीचं ठरवून त्याचा नंबर घ्या. संध्याकाळी तिकडे उभं राहून वाट बघण्यापेक्षा हे बरं.

खानापूर हे कौलांचं आणि मातीच्या भांड्यांचं गाव. इथली लाल माती त्यासाठी नावाजलेली आहे, आणि खादी ग्रामोद्योगाची कुंभारकामाचं शिक्षण देणारी संस्थाही इथे आहे. परतताना वेळ उरला तर एखादं मडकं घ्या.

बरोबर काय घ्यायचं

माणशी दोन लिटर पिण्याचं पाणी. नदीचं पाणी कितीही नितळ दिसलं तरी पिऊ नका. एक जुनी चादर, टोपी, मुलांसाठी कपड्यांचा जादा जोड, आणि दोन रिकाम्या पिशव्या, एक कचऱ्यासाठी, एक ओल्या कपड्यांसाठी. पायात पट्ट्याची सँडल किंवा बूट घाला. साध्या चपला शेवाळावर घसरतात. वीस-पंचवीस हात लांबीचा मजबूत दोर पिशवीत टाका. कशाला, ते पुढे सांगतो.

जेवण घरून करून न्या. आमच्याकडे सहलीचा डबा ठरलेला आहे: दहीबुत्ती म्हणजे दहीभात, तिखटमिठाच्या पुऱ्या, शेंगदाण्याची चटणी, भाकरी असेल तर खर्डा आणि कांदा. गाडीत मळमळणाऱ्यांसाठी बेळगावचा आलेपाक. हे सगळं गार खाता येतं, सांडत नाही आणि टिकतं. दहीबुत्तीत दूध जास्त आणि दही कमी घाला म्हणजे दुपारपर्यंत आंबट होत नाही.

तिथे जाऊन चूल मांडायचा विचार सोडून द्या. डिसेंबरनंतर काठावरचं गवत वाळून कडकडीत होतं आणि दुपारी वारा सुटतो. एक ठिणगी पुरते, आणि शेजारी कुणाची तरी शेती किंवा काजूची बाग असते. तालुक्यात जागोजागी वनखात्याची जमीन आहे आणि तिथे आग पेटवणं हा गुन्हा आहे. गरम चहा हवा असेल तर थर्मास न्या.

पोहोचल्यावरचा पहिला अर्धा तास

बहुतेक मंडळी उतरली की पिशव्या टाकून थेट पाण्याकडे धावतात. तसं करू नका. आधी देवळात जा. हात जोडायचे की नाही ही ज्याची त्याची श्रद्धा, पण चपला बाहेर काढा, आवाज खाली ठेवा आणि तिथे जे कुणी वडीलधारं बसलेलं असेल त्यांच्याशी दोन शब्द बोला. "मामा, आम्ही बेळगावातनं आलोय, पहिल्यांदाच. कुठं बसावं? पाणी कसं आहे?" एवढं विचारलंत की माणूस खुलतो. "हितं उतरू नगा, खाली डोह हाय. तिकडं झाडाबुडी बसा, ऊन न्हाई लागत." अशी माहिती कुठल्याही नकाशात मिळणार नाही. धोक्याचे फलक असले तर ते बहुधा कन्नडमध्ये असतात, म्हणूनही विचारणं गरजेचं.

मग नदी बघा. बघा म्हणजे निरखून बघा.

काठावरच्या झाडांच्या फांद्यांकडे वर नजर टाका. फांद्यांत वाळलेलं गवत, काटक्या, फाटक्या प्लास्टिकच्या चिंध्या अडकलेल्या दिसतील. कधी कमरेइतक्या उंचीवर, कधी डोक्याच्याही वर. तो कचरा कुणी नेऊन टाकलेला नाही. पावसाळ्यात पाणी तिथवर आलं होतं, उतरताना ते मागे राहिलं. खडकांवरही असाच एक पट्टा दिसतो, वर करडा, खाली काळपट. मुलांना हे जरूर दाखवा. आता खडकांमधून झुळझुळणारी ही धार जुलैत या फांदीवरून जाते, हे एकदा डोळ्यांनी बघितलं की पाण्याबद्दल वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

दुसरं, पाण्याच्या कडेला एक काटकी रोवा, किंवा पाणी जिथे टेकतं तिथे खडकावर एक दगड ठेवा. वीस मिनिटांनी येऊन बघा. काटकी होती तिथेच काठावर असेल तर ठीक. पाणी तिच्या पुढे आलं असेल, पाण्याचा रंग मातकट होत असेल किंवा पाला-काटक्या वाहून यायला लागल्या असतील, तर सामान उचलून उंचावर जा. पाच मिनिटं थांबून बघू, असं म्हणत बसू नका.

चादर पसरायची जागा पात्रात निवडू नका. दोन धारांच्या मधला सपाट खडक फार मोहात पाडतो, फोटोही छान येतात. पण पाणी वाढलं तर दोन्हीकडून वाट बंद होते. काठावर, झाडाखाली, जिथून वर चढायला सरळ वाट आहे अशी जागा घ्या.

पाण्यात पाय घालायचे तर

नोव्हेंबरनंतर, गावकऱ्यांनी दाखवलेल्या जागी, घोट्याएवढ्या पाण्यात पाय सोडून बसायला हरकत नाही. तेवढं सुख घ्यावंच. थंड पाण्यात पाय ठेवला की बारीक मासे येऊन टाचांना टोचतात आणि मुलं हसून लोळतात. त्याच्या पुढे जाऊ नका, आणि का जाऊ नका ते नीट समजून घ्या, कारण "पाणी कमी तर आहे" हे वाक्य नदीवर प्रत्येक वेळी कुणीतरी म्हणतंच.

नितळ पाणी असतं त्यापेक्षा उथळ दिसतं. वरून सरळ खाली बघितलं तर चार फूट खोल पाणी तीन फुटांसारखं भासतं. तिरकं बघितलं तर त्याहूनही कमी. प्रकाश पाण्यातून हवेत येताना वाकतो म्हणून असं होतं. पोहता न येणाऱ्या मुलाच्या बाबतीत कंबर की गळा हा फरक या एका फुटाने पडतो.

मलप्रभेचा तळ सपाट नाही. खडकात पाण्याने कोरलेल्या रांजणासारख्या खळग्या असतात, कपारी असतात. वाळू उपसलेल्या ठिकाणी खड्डे राहतात, आणि पुढच्या पावसाळ्यात तेच खड्डे जागा बदलतात. म्हणजे गेल्या वर्षी गुडघाभर पाणी होतं तिथे यंदा डोह असू शकतो. "आम्ही मागच्या वर्षी इथेच उतरलो होतो" या म्हणण्याला काही अर्थ नाही. काही ठिकाणी नदीवर बंधारे आहेत. पावसाळा सरला की त्यांत पाणी अडवतात, आणि मागे फुगवटा तयार होतो. वरून संथ, आत खोल. अशा पाण्यात आवाज नसतो, लाट नसते, म्हणूनच ते जास्त फसवं. बंधाऱ्याच्या भिंतीवरून चालू नका आणि जिथून पाणी खाली पडतं त्याच्या पायथ्याशी तर जाऊच नका.

शेवाळ हा तिसरा शत्रू. काळपट-हिरव्या, ओल्या खडकावर पाय ठेवू नका. कोरड्या, पांढुरक्या खडकावरूनच चाला. बुडालेल्यांतले कित्येक जण पोहायला उतरलेले नसतात. भांडं विसळायला वाकलेले, फोटोसाठी एक पाऊल मागे सरकलेले, पाय घसरून पडलेले असतात.

पोहता येतं म्हणूनही उतरू नका. तरणतलावात किंवा विहिरीत शिकलेलं पोहणं वाहत्या पाण्यात अपुरं पडतं. टायरची ट्यूब घेऊन येणारे दिसतात. ट्यूब धारेत गेली की माणसाला घेऊन जाते. आणि दारू प्यायलेला एकजण जरी बरोबर असेल तर त्या दिवशी नदीवर जाऊ नका. इथे मी सौम्य शब्द वापरणार नाही. अशा सहलींनी कितीतरी घरं उजाड केली आहेत.

आता दोर कशाला ते. कुणी पाण्यात गेलंच तर त्याच्यामागे उडी मारायची नाही. एकाला वाचवायला दुसरा, दुसऱ्याला तिसरा असे एकाच घरातले दोघं-तिघं गेल्याच्या बातम्या आपण वाचतो. मोठ्याने हाका मारा, गावकरी जमतील, त्यांना पाणी माहीत असतं. दोर फेका, साडी किंवा ओढण्या बांधून फेका, लांब काठी पुढे करा, रिकामा बंद कॅन फेका. फेकणाऱ्याने पोटावर आडवं पडावं किंवा मागून कुणीतरी त्याला धरावं. मदतीसाठी ११२, रुग्णवाहिकेसाठी १०८. बाहेर काढलेला माणूस श्वास घेत नसेल तर पालथं घालून पोट दाबत बसू नका, त्यात वेळ जातो. उताणं झोपवा, तोंडाने श्वास द्या, छातीच्या मधोमध जोराने आणि भराभर दाबत राहा, मदत येईपर्यंत थांबू नका. हे आधी शिकून घेतलेलं बरं. घरातल्या एकाला तरी यावं.

खानापूरच्या पुढे लोंढ्याकडे जाणारी रेल्वे मलप्रभा ओलांडते. त्या रेल्वेपुलावर फोटो काढायला जाण्याचं वेड सध्या पसरलं आहे. पुलावर माणसाला बाजूला व्हायला जागा नसते. पोरांना स्पष्ट शब्दांत मनाई करा.

मग दिवसभर करायचं काय

पाण्यात डुंबायचं नाही तर काय करायचं, असं तरुण मंडळी विचारतात. सावकाश बसलात तर नदीच तुम्हाला कामाला लावते.

सकाळी दहाच्या आत पोचलात तर पाखरं भेटतील. पाण्यावर वाकलेल्या फांदीवर निळा-तपकिरी खंड्या असतो. काळा-पांढरा कवड्या खंड्या दिसला तर मुलांना गप्प बसवा आणि बघत राहा. तो पाण्याच्या वर एकाच जागी पंख फडफडवत थांबतो, चोच खाली, नजर पाण्यात. मग एकदम दगडासारखा खाली पडतो आणि चांदीसारखा मासा घेऊन वर येतो. कधी रिकामाही येतो आणि पुन्हा तिथेच जाऊन फडफडत थांबतो. हिवाळ्यात धोबी पक्षी खडकांवर शेपटी वरखाली करत फिरतात. पाणकावळे पंख पसरून उन्हात वाळवत बसतात. दुर्बीण असेल तर न्या, नसली तरी काही अडत नाही.

पावसाळा नुकता सरलेला असेल तर ओल्या वाळूकडे बघा. पिवळी, पांढरी, निळसर फुलपाखरं दाटीवाटीने एका जागी बसलेली असतात. वाळूतले क्षार ती सोंडेने शोषून घेतात. जवळ जाताना आपली सावली त्यांच्यावर पडू देऊ नका, नाहीतर सगळी एकदम उडतात.

काठावर करंज, जांभूळ, उंबर ओळखता आले तरी पुष्कळ झालं. मुलांना उंबराचं एक फळ फोडून दाखवा, आतली चिलटं बघून ती हे झाड विसरत नाहीत. मोठ्यांसाठी पत्त्यांचा डाव आहेच. पण मोठा स्पीकर लावू नका. देवळात पूजा चालू असते, आणि नदीचा स्वतःचा आवाज आहे, तो ऐकायलाच तर आलोय.

नवरात्र ऑक्टोबरात येत असेल आणि पाऊस नाही याची चौकशी करून त्याच्या आधी गेलात, तर गावातल्या बायका वाकळा धुवायला नदीवर आलेल्या दिसतील. भिजलेली वाकळ दोघींनी दोन टोकांना धरून पिळायची, खडकावर आपटायची आणि मग उन्हात पसरायची. लाल, हिरव्या, जुन्या साड्यांचे तुकडे जोडलेल्या त्या वाकळांनी सगळा खडक रंगीत होतो. मोबाइल काढण्याआधी विचारा. काम करणाऱ्या बायकांचे फोटो न विचारता काढणं चांगलं नव्हे. विचारलंत तर बहुधा "काढ की बाळा" म्हणतील, आणि वर चार गोष्टी सांगतील.

कचरा, साबण आणि पाण्याचं देणं

आणलेली प्रत्येक वस्तू परत न्यायची. पत्रावळीसुद्धा. जनावरं त्या प्लास्टिकच्या अस्तरासकट खातात. काचेची बाटली नदीवर आणूच नका. ती फुटली की गुरांचे आणि अनवाणी पोरांचे पाय कापतात, आणि पुढच्या पुरात ते तुकडे आणखी खाली जातात.

नदीत साबण, शाम्पू लावू नका, गाडी धुऊ नका. मलप्रभा इथे संपत नाही. ती पुढे सौंदत्तीजवळ नविलतीर्थच्या धरणात साठते आणि हुबळी-धारवाडची माणसं तेच पाणी पितात. त्याही पुढे पट्टदकल, ऐहोळेच्या देवळांजवळून ती कूडलसंगमला कृष्णेला मिळते. एकूण ३०४ किलोमीटरचा हा प्रवास आहे, आणि आपण जवळजवळ त्याच्या सुरुवातीला बसलेलो असतो. वर जे घाण होईल ते खालच्या सगळ्यांच्या वाट्याला जातं. कृपा करून मुलांना हे नदीवरच सांगा.

इतर काळजी, थोडक्यात

माकडं डबा बघून येतात. खाऊ घालू नका, पिशव्यांची तोंडं बांधून ठेवा. खडकांच्या फटीत, पालापाचोळ्यात हात घालू नका, घोणस आणि फुरसं या भागात आहेत. साप चावलाच तर कापणं, चोखणं, करकचून बांधणं यातलं काहीही करू नका. माणसाला चालवू नका, धीर द्या आणि थेट खानापूरच्या सरकारी दवाखान्यात न्या. मांत्रिकाकडे नेण्यात गेलेली वेळ भरून येत नाही.

खानापूर तालुक्याचा पश्चिमेकडचा मोठा पट्टा जंगल आहे. भीमगड अभयारण्य २०११ साली जाहीर झालं, तेही याच तालुक्यात. अस्वलं संध्याकाळी आणि पहाटे बाहेर पडतात, रानालगतच्या शेतकऱ्यांवर त्यांनी हल्ले केल्याचं अधूनमधून ऐकू येतं. असोगा गावालगत असलं तरी अंधार पडेपर्यंत रेंगाळू नका, आणि सूर्य कलल्यावर झाडीत फेरफटका मारायला जाऊ नका.

आजी-आजोबा बरोबर असतील तर घडीची खुर्ची न्या. खडकांवरून उतरण्यापेक्षा त्यांना देवळाच्या बाजूला सावलीत बसवा. चारच्या आसपास चहा घ्या, सामान आवरा, मुलांची मोजदाद करा.

असोगा जमलं की पुढे

एकदा नदीची सवय झाली की हिवाळ्यात हब्बनहट्टीच्या मारुतीला जा. त्यासाठी पिरनवाडीहून तोच जांबोटीचा रस्ता, जो या वेळी टाळला होता. त्याच रस्त्याने पुढे कणकुंबीला माउलीचं देऊळ आणि मलप्रभेचा उगम आहे. असोग्याला बघितलेली नदी तिथे किती लहान आहे ते बघून मुलं थक्क होतात. इतिहासाची आवड असेल तर नदीच्या दक्षिणेला कदंबांची हलशी आहे, तिथलं भूवराह नरसिंहाचं देऊळ सवडीने बघण्याजोगं आहे. नंदगडला इंग्रजांविरुद्ध लढलेल्या संगोळ्ळी रायण्णाला १८३१ साली फाशी दिलं, तेही याच वाटेवर. पण हे सगळं असोग्याच्या दिवसात कोंबू नका. दोन ठिकाणं एका दिवसात उरकायला गेलं की नदीवर घड्याळ बघत बसावं लागतं.

घरी आल्यावर

खानापूरहून बेळगावला संध्याकाळी बसला गर्दी असते, कॉलेजची आणि कारखान्यांतून सुटलेली माणसं असतात. लहान मुलं असतील तर साडेपाचच्या आत बस धरा म्हणजे बसायला जागा मिळण्याची शक्यता जास्त. घरी पोचल्यावर कपडे बाहेरच झटका आणि सगळ्यांच्या कानामागे, काखेत, गुडघ्यामागे, कमरेच्या नाडीखाली नीट बघा. गुरं चरतात अशा गवतात बसलं की गोचीड चिकटते. दिसली तर चिमट्याने कातडीलगत धरून सरळ वर ओढा, चुरगाळू नका, तेल किंवा काडीचा चटका लावू नका. जागा साबणाने धुवा. पुढच्या दोन आठवड्यांत ताप आला तर डॉक्टरांना "नदीकाठी, रानात गेलो होतो" हे आठवणीने सांगा.